जन्मवार कोणता?

ट्वी भाषेच्या वर्गात नव्या विद्यार्थ्याला बहुतेक वेळा आधी जन्मवार विचारला जातो. अमेरिकेतून आलेल्या विशीतल्या पोरांना तो ठाऊक नसतो. ती मोबाइलमध्ये जुनं कॅलेंडर शोधू लागतात. शनिवारचा मुलगा क्वामे, मुलगी आमा. शुक्रवारचा कोफी, रविवारची अकोसुआ. स्वतंत्र घानाचे पहिले पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा शनिवारचे, संयुक्त राष्ट्रांचे कोफी अन्नान शुक्रवारचे. ठाणे-पालघरच्या पाड्यांवरचे मंगळ्या आणि बुध्या ज्याला माहीत आहेत, त्याला यात नवल वाटणार नाही. पण इथून पुढचे सहा आठवडे त्या पोरांना जन्मवाराच्याच नावाने हाक मारली जाते. आपण कोण, हे आल्या आल्या दुसऱ्यानेच ठरवून टाकायचं, हा धडा वेळापत्रकात छापलेला नसतो.

हे घडतं अक्राजवळच्या लेगॉन इथे, घाना विद्यापीठात. पांढऱ्या भिंती, तांबडी कौलं, टेकडीवर मनोरा. परदेशी विद्यापीठांचे उन्हाळी अभ्यासक्रम इथे साधारण जून-जुलैत चालतात. ‘उन्हाळी’ हे नाव तिकडच्या सुट्टीवरून पडलेलं. अक्रात जून म्हणजे पावसाचा महिना. सकाळी इतिहास आणि भाषा, दुपारी ढोल किंवा नाच, शनिवार-रविवार बसने भटकंती, शेवटी निबंध आणि क्रेडिट. प्रथा जुनी आहे. जेम्स रॉबिन्सन या अमेरिकी पाद्र्याने ‘ऑपरेशन क्रॉसरोड्स आफ्रिका’ची पहिली तुकडी १९५८च्या उन्हाळ्यात आफ्रिकेत नेली, आणि पुढे पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवक दलाची कल्पना तिथूनच आल्याचं राष्ट्राध्यक्ष केनेडींनी मान्य केलं.

लेगॉनची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती इथल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ आफ्रिकन स्टडीज’मुळे. १९४८मध्ये निघालं तेव्हा हे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या छत्राखालचं कॉलेज होतं. १९६१मध्ये इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि ऑक्टोबर १९६३मध्ये एन्क्रुमांनी तिचं रीतसर उद्घाटन केलं. आफ्रिकेचा अभ्यास आफ्रिकेत उभं राहून, आफ्रिकेच्या नजरेने करा, हा त्यांच्या भाषणाचा गाभा होता. नुसता ठराव असता तर फायलीत पडून राहिला असता. इथे तो नाचगाण्यातून उतरला. संगीतज्ञ जे. एच. क्वाबेना एन्केटिया (मंगळवारचे!) यांनी आधीच ट्वी बोलणाऱ्या अकान लोकांची मरणगाणी गोळा करून पुस्तक केलं होतं, पुढे ते इन्स्टिट्यूटचे संचालक झाले. ढोलकरी हा इथे अध्यापनाचा भाग झाला, करमणुकीचा नव्हे.

का, ते अतुम्पानसमोर बसल्यावर कळतं. दोन मोठे ढोल जोडीने थोडे कलते ठेवलेले, एकाचा सूर चढा, दुसऱ्याचा उतरता. हातात वाकड्या टोकाच्या काठ्या. ट्वीत स्वर चढवला-उतरवला की शब्दाचा अर्थ बदलतो. तेच चढउतार या जोडीवर वाजवले की ढोल म्हणी बोलतो, राजाचं नाव घेतो. विद्यार्थी आधी ताल मोजायला जातो आणि चुकतो. वाक्य पाठ केलं की हात आपोआप बसतो. आपल्याकडे तबल्याचे बोल आधी तोंडाने म्हणायला लावतात. फरक इतकाच की इथले बोल हीच भाषा आहे.

केप कोस्टच्या किल्ल्यावर सगळ्यांना नेतात. पुरुष गुलामांच्या तळघराच्या वर इंग्रजांनी प्रार्थनाघर बांधलेलं होतं. एवढं एक वाक्य ऐकून बस परतीच्या वाटेवर गप्प असते, आणि त्या गप्प बसण्यावरच निबंध लिहायला लावणं मला तरी थोडं घाईचं वाटतं.

भारतीयाला लेगॉनमध्ये आणखी एक प्रश्न वाट पाहत असतो. जून २०१६मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते आवारात गांधींचा पुतळा बसला. दक्षिण आफ्रिकेतल्या तरुण गांधींनी काळ्या लोकांबद्दल जे लिहिलं, ते पुढे करून प्राध्यापकांनी तो हटवण्याची मागणी केली. डिसेंबर २०१८मध्ये तो गेला. हे आपल्याला झोंबतं. पण मागणी करणाऱ्यांनी गांधींचंच लिखाण वाचलं होतं, आणि उत्तर द्यायचं तर आपल्यालाही ते वाचावं लागतं.

सहलींमध्ये मला सगळ्यात मोलाची वाटते ती अशांतींच्या राजधानीची, कुमासीची. शेजारच्या बोनविरे गावात केंटे कापड विणतात. विणकराचा ताणा मागावर मावत नाही; तो अंगणात दूरवर पसरलेला असतो आणि टोकाला जड फळी बांधून ताणलेला. धागे वर-खाली करणाऱ्या दोऱ्या पायाच्या बोटांत धरलेल्या. पट्टी निघते जेमतेम चार बोटं रुंद; अशा कित्येक पट्ट्या शेजारी शेजारी शिवल्या की राजवस्त्र. पोरांना बसायला देतात. पाचव्या मिनिटाला अंगठ्यात गोळा येतो.

मग मानह्या राजवाड्याचं संग्रहालय. १८७४मध्ये इंग्रजी फौजेने कुमासी लुटली, अशांतींचं सोनं लंडनला गेलं. २०२४मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि ब्रिटिश म्युझियम यांनी ३२ वस्तू कुमासीला पाठवल्या, तीन वर्षांच्या उसनवारीवर. काचेआड दागिने, आणि ते ज्यांचे त्यांच्याच घरी पाहुणे. त्याच वर्षी जुलैत त्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधून वाघनखं साताऱ्यात आली. ती अफझलखानाच्या वधातलीच का, हा वाद बाजूला ठेवू. मुदत तीच, तीन वर्षं.