हेलिगन येथील अननसाचे चर : उद्यानातील उपेक्षित वास्तूंचा विचार

इंग्लंडमधील जमीनदारांच्या ग्रामीण प्रासादांविषयी लिहिताना उद्यानांचा विचार बहुधा शोभेच्या वास्तूंपुरताच केला जातो. स्टो किंवा स्टूअरहेड येथील प्राचीन ग्रीक-रोमन धर्तीची देवळे, कृत्रिम गुहा आणि तळी यांचे वर्णन झाले की विषय संपला, असे मानण्याची प्रथा आहे. वस्तुतः प्रासादाचे स्वयंपाकघर चालत असे ते उंच भिंतीआडच्या वास्तूंवर. पागा, काचगृहे, कुंड्या भरण्याच्या पडव्या यांकडे अभ्यासकांचे लक्ष उशिरा गेले. श्रमाचा इतिहास मात्र याच ठिकाणी अधिक स्पष्टपणे वाचावयास मिळतो. कॉर्नवॉल परगण्यातील मेव्हागिसी गावाजवळ असलेली हेलिगन ही ट्रेमेन घराण्याची मालमत्ता या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

तेथील खरबुजांच्या आवारात अननसाचे चर आहेत. दक्षिण अमेरिकेतील हे फळ पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणले, आणि त्याचे नावही त्यांच्याच भाषेतून मराठीत रूढ झाले. कोकणात ते उघड्यावर पिकते. इंग्लंडच्या हवेत मात्र ते पिकविणे हे अठराव्या शतकात ऐश्वर्याचे लक्षण समजले जाई. त्यासाठी योजलेली रचना मोठी विचारपूर्वक केलेली आहे. तीन समांतर चर खणून मधल्या चरात अननसाच्या कुंड्या ठेवीत व वर काचेची झाकणे बसवीत. दोन्ही बाजूंच्या चरांत घोड्यांची ताजी लीद भरीत. लीद कुजताना जी उष्णता निर्माण होते ती मधल्या भिंतींच्या पोकळ्यांतून कुंड्यांपर्यंत पोहोचे. परंतु लिदीतून निघणारा, झाडांस अपायकारक असा अमोनिया वायू बाहेरच राही. येथे यंत्र असे काहीच नाही. ऊब कमी झाली की जुनी लीद उपसून नवी भरावयाची, आणि हा क्रम फळ हाती येईपर्यंत, म्हणजे दोन-तीन वर्षे, चालवावयाचा. पहिल्या महायुद्धापूर्वी या उद्यानास २२ माळी लागत, याचे नवल वाटू नये.

काचेवरील अबकारी कर १८४५ मध्ये रद्द झाल्यावर काचगृहे स्वस्त झाली. कोळशाच्या भट्ट्या व गरम पाण्याचे नळ आले. पुढे आगबोटींतून परदेशी अननसही येऊ लागले. नव्या पद्धतीचे आयुष्यही फार नव्हते. जोसेफ पॅक्स्टन याने चॅट्सवर्थ येथे १८३६ ते १८४० या काळात बांधलेले, सुमारे २७७ फूट लांबीचे महाकाचगृह युद्धकाळातील कोळशाच्या टंचाईने निरुपयोगी झाले व १९२० मध्ये पाडण्यात आले. हेलिगनचे चर तेवढे टिकले, आणि तेही कोणी जतन केले म्हणून नव्हे. युद्धात प्रासादाचा उपयोग अधिकाऱ्यांच्या आरोग्यधामासारखा झाला, नंतर तो भाड्याने गेला, आणि उद्यान काटेरी झुडपांनी व्यापले. पाडण्याचा खर्च करण्याइतकेही महत्त्व या आवारास कोणी दिले नाही! १९९० मध्ये उद्यान घराण्यातील एका वारसाकडे आल्यावर टिम स्मिट व त्यांचे सहकारी यांनी साफसफाई आरंभिली. चर दुरुस्त करून जुन्याच रीतीने लीद भरण्यात आली, आणि १९९७ मध्ये फळ धरले. लिदीच्या उष्णतेवर चालणारी अशी रचना युरोपात आता ही एकच उरली असल्याचे सांगतात.

याच आवारात माळ्यांच्या शौचकूपाची एक लहानशी खोली आहे. तिच्या चुन्याच्या भिंतीवर, खाली ‘ऑगस्ट १९१४’ असा काळ घालून, माळ्यांनी पेन्सिलीने आपली नावे लिहून ठेवली आहेत. ब्रिटनने युद्ध पुकारले तो हाच महिना. त्यांपैकी कित्येक जण युद्धात कामी आले. मधल्या काळात कोणी नेटक्या हाताने त्या भिंतीस नवा गिलावा केला असता, तर ही नावे त्याखाली गेली असती. लंडनच्या इंपीरियल वॉर म्यूझियमने २०१३ मध्ये या खोलीस जिवंत स्मारक म्हणून मान्यता दिली.