छत्तीस पानांचा हिशेब

जालना जिल्ह्यात तीन पत्तीला तिर्रट म्हणतात. छाप्याची बातमी अंबडची असो की भोकरदनची, तिच्यात हा शब्द असतोच. पण त्याच गावांत, सुटीत पोरंसोरं जमली की दुसराच डाव रंगतो: पाच-तीन-दोन. त्याला बावन्न पानं लागत नाहीत. दुर्रीपासून छक्कीपर्यंतची सगळी पानं आणि किलवर-चौकटच्या सत्त्या बाजूला ठेवायच्या आणि उरलेली तीस पानं तिघांत दहा-दहा वाटायची. म्हणजे पानं काढून खेळणं आपल्याला मुळीच नवीन नाही.

नवीन आहे तो याच युक्तीवर उभा राहिलेला पोकर. दुर्री, तिर्री, चौकी आणि पंजी काढून छत्तीस पानांवर खेळायच्या या प्रकाराला 'शॉर्ट डेक' किंवा 'सिक्स प्लस होल्डेम' म्हणतात. मकाऊच्या बड्या टेबलांवर तो गेल्या दशकात रुजला, 'ट्रायटन' स्पर्धांनी जगाला दाखवला आणि 2019 मध्ये लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये त्याची स्वतंत्र स्पर्धा झाली. प्रत्येकाला दोन झाकलेली पानं मिळतात. मधे आधी तीन, मग एक, मग आणखी एक अशी पाच पानं उघडतात. या सातांतून सर्वांत चांगली पाच पानं धरायची. नियम एवढेच. तरी तिर्रटवर हात बसलेला माणूस इथे हमखास फसतो, कारण तो जुनेच आडाखे सोबत घेऊन येतो.

गैरसमज: सोळा पानं कमी झाली, बाकी डाव तोच.

हा सगळ्यात महागडा गैरसमज, म्हणून त्यावर थोडं थांबू. कोणता हात मोठा हे कुणी मनाला येईल तसं ठरवलेलं नसतं. जो हात कमी वेळा येतो तो मोठा, असा साधारण हिशेब असतो. पानं काढली की हा हिशेबच फिरतो.

आपल्या तिर्रटवरच करून बघा. बावन्न पानांतून तीन पानांचे 22,100 वेगवेगळे हात होतात. त्यांत साधा सिक्वेन्स, म्हणजे लागोपाठची पानं, 720 वेळा येतो आणि कलर, म्हणजे सगळी एकाच रंगाची पानं, 1,096 वेळा. म्हणून तिर्रटमध्ये सिक्वेन्स कलरला मारतो, आणि ते बरोबरच आहे. आता तोच डाव छक्कीपासून एक्क्यापर्यंतच्या छत्तीस पानांवर मांडा आणि एक्का-छक्की-सत्ती हाही सिक्वेन्स धरा. एकूण हात होतात 7,140. त्यांत सिक्वेन्स 480 आणि कलर फक्त 304. म्हणजे कलर जास्त दुर्मीळ झाला, आणि न्यायाने तो सिक्वेन्सच्या वर जायला हवा. काढलेली सोळा पानं चारही रंगांतून सारखीच, प्रत्येकी चार गेली, तरी हे घडतं. कारण साधं आहे. रंगात तेरा पानं होती तिथे नऊच उरली, त्यामुळे एका रंगाची तीन पानं जुळणं अवघड झालं. उलट उरलेले आकडे एकमेकांना चिकटून असल्याने सिक्वेन्स सोपा झाला.

पाच पानांच्या पोकरमध्येही हीच गंमत दिसते. छत्तीस पानांतून पाचाचे 3,76,992 हात होतात. त्यांत कलर 480, तर फुल हाउस, म्हणजे तीन सारखी आणि दोन सारखी, 1,728. म्हणून शॉर्ट डेकमध्ये कलर फुल हाउसला मारतो. बावन्न पानांच्या पोकरमध्ये नेमकं उलटं असतं. तीन सारखी मोठी की सिक्वेन्स मोठा, यावर मात्र ठिकठिकाणी वेगळे नियम आहेत. ट्रायटनमध्ये सिक्वेन्स मोठा, काही टेबलांवर तीन सारखी मोठी. बसण्याआधी हे विचारून घ्यावं. पहिल्या मोठ्या डावात वाद झाल्यावर विचारून उपयोग नाही.

गैरसमज: ट्रेल सगळ्यात वर, म्हणजे ती सगळ्यात दुर्मीळ.

शॉर्ट डेकशी याचा थेट संबंध नाही, पण विषय निघालाच आहे. बावन्न पानांच्या तिर्रटमध्ये ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, 52 प्रकारे होते आणि प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाचा सिक्वेन्स, 48 प्रकारे. म्हणजे प्युअर सिक्वेन्स जास्त दुर्मीळ असूनही ट्रेलच्या खाली बसतो. इथे परंपरा गणितापेक्षा वरचढ ठरली आहे. पिढ्यान्‌पिढ्या ट्रेल दाखवून डाव ओढणाऱ्यांना हे सांगितलं तर ते ऐकून घेतील, असं मला वाटत नाही.

गैरसमज: लहान पानं गेली, आता प्रत्येक हात खेळण्यासारखा.

छत्तीस पानांत तुमच्या दोन झाकलेल्या पानांत दोन एक्के येण्याची शक्यता 105 मध्ये एक असते. बावन्न पानांत ती 221 मध्ये एक. म्हणजे दुपटीहून जास्त. हे ऐकून कुणालाही हुरूप येतो. पण समोर बसलेल्या पाच जणांच्या वाट्यालाही तीच छत्तीस पानं आहेत. हात सगळ्यांचेच सुधारले, आणि सगळ्यांचे सुधारले म्हणजे तुमचा सुधारला असं होत नाही.

एक आकडा लक्षात ठेवा. छत्तीस पानांतल्या पाचाच्या हातांपैकी 51 टक्क्यांहून जास्त हातांत एक जोडी असते. जोडीही नसलेला कोरा हात 32 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे कोरा हात जोडीपेक्षा दुर्मीळ आहे. बावन्न पानांत उलट, निम्म्याहून थोडे जास्त हात कोरे निघतात. म्हणून शॉर्ट डेकमध्ये नुसती जोडी हाती असणं विशेष नाही. एक्क्यांची जोडी धरून शेवटपर्यंत पैसे टाकत राहणारा तिर्रटचा गडी इथे लवकर रिकामा होतो. दोन जोड्यासुद्धा वाटतात तितक्या भक्कम नसतात.

हातात झाकलेली जोडी असली तर मात्र तुमची बाजू थोडी भक्कम होते. पहिली तीन पानं उघडताना तिसरं सारखं पान मिळण्याची शक्यता बावन्न पानांत जेमतेम 12 टक्के, इथे 17 टक्के. शिवाय शॉर्ट डेकमध्ये बहुतेक ठिकाणी सगळेच आधी ठरलेली रक्कम मधे टाकतात आणि वाटणाऱ्याच्या जागेवरचा दुप्पट टाकतो. त्यामुळे मधला ढीग सुरुवातीलाच मोठा असतो आणि जास्त हात खेळणं परवडतं. परवडतं, याचा अर्थ प्रत्येक हात खेळावा असा नाही.

गैरसमज: कलर येईल म्हणून थांबावं, सिक्वेन्सची वाट बघू नये.

बावन्न पानांच्या पोकरमध्ये हा सल्ला ठीक आहे. तिथे चार पानं एका रंगाची जुळली असतील तर पाचवं मिळवून देणारी नऊ पानं गड्डीत असतात, आणि दोन पानं उघडायची बाकी असताना शक्यता 35 टक्के असते. दोन्ही टोकांनी उघडा सिक्वेन्स असेल तर साडेएकतीस. छत्तीस पानांत रंगाची पाचच पानं उरतात आणि शक्यता 30 टक्क्यांवर येते. सिक्वेन्सची आठ पानं मात्र तशीच राहतात, आणि न दिसलेली पानं सत्तेचाळीसऐवजी एकतीसच असल्याने शक्यता साडेपंचेचाळीस टक्क्यांवर जाते. म्हणजे सिक्वेन्सची वाट बघणं इथे जवळपास छापा-काटा करण्याइतकं होतं.

पण यातही एक मेख आहे. मधे बदाम नव्वी, बदाम दश्शी आणि इस्पिक छक्की उघडली आहे. तुमच्याकडे किलवर गुलाम आणि चौकट राणी. अठ्ठी आली तरी सिक्वेन्स, राजा आला तरी सिक्वेन्स, म्हणजे आठ पानं तुमची. आता समोरच्याकडे दोन बदाम असतील असं धरा. बदाम अठ्ठी किंवा बदाम राजा उघडला तर तुमचा सिक्वेन्स झाला, पण त्याचा कलरही झाला, आणि कलर मोठा. तुमच्या आठांपैकी दोन पानं शत्रूपक्षाची निघाली. खरी पानं सहाच. टेबलावर एका रंगाची दोन पानं दिसली की मोजणीतून तेवढी वजा करायची सवय लावली, तर निम्म्या चुका टळतात.

तोंडी हिशेबासाठी बावन्न पानांचे खेळाडू एक आडाखा वापरतात: दोन पानं उघडायची असतील तर उपयोगाची पानं चारने गुणा, एक उघडायचं असेल तर दोनने. छत्तीस पानांत चारच्या जागी सहा आणि दोनच्या जागी तीन. आठ पानं गुणिले सहा म्हणजे अठ्ठेचाळीस. खरा आकडा साडेपंचेचाळीस, पण खेळताना एवढं पुरतं.

गैरसमज: एक्का म्हणजे नेहमी वरचंच पान.

शॉर्ट डेकमध्ये एक्का पंजीची रिकामी जागाही भरतो. एक्का-छक्की-सत्ती-अठ्ठी-नव्वी हा पूर्ण सिक्वेन्स आहे. मधे छक्की, सत्ती आणि नव्वी असताना एक्का-अठ्ठी घेऊन बसलेला नवखा खेळाडू आपला हात झालेला असूनही पानं टाकून देतो. नवशिक्याच्या हातून सहज होणारी ही चूक आहे.

गैरसमज: पाच-तीन-दोनमध्ये हुकमाला चारही रंग सारखे.

आता पैशांविना चालणाऱ्या आपल्या घरच्या डावाकडे येऊ. तीस पानांत बदाम आणि इस्पिकची आठ-आठ पानं असतात, कारण त्यांच्या सत्त्या राहतात. किलवर आणि चौकटची सात-सात. पहिल्या पाच पानांवर हुकूम सांगायचा असतो. तुमच्याकडे बदामाची तीन आणि तशाच ताकदीची किलवरची दोन असतील तर प्रश्नच नाही, बदाम सांगा. पण किलवर आणि बदाम यांपैकी निवडताना पानं सारखी असतील, तर किलवर सांगितलेला बरा. बाहेर राहणारे हुकूम एकाने कमी होतात, आणि हुकूम सांगणारे म्हणून पाच हात जिंकायची जबाबदारी तुमच्यावर आहे.

गैरसमज: यात डोकं लागतं, म्हणून हा जुगार नाही.

महाराष्ट्राच्या 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातलं कलम 13 निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट देतं. पण कोणता खेळ त्यात बसतो, हे खेळणारा ठरवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात रमीला कौशल्याचा खेळ मानलं, आणि त्याच निकालात फ्लश वगैरे नावांच्या तीन पानांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा खेळ म्हटलं. म्हणजे आपलं तिर्रट. तो खटला हैदराबादच्या जुन्या, फसली 1305 च्या कायद्याखालचा होता. 1956 पर्यंत जालना हैदराबाद राज्यातच होतं. पोकरबाबत मतं एक नाहीत: गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये त्याला कौशल्याचा खेळ मानायला नकार दिला, तर पश्चिम बंगालच्या कायद्याने पोकरला नाव घेऊन जुगारातून वगळलं आहे. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोंना परवानगी आहे ती गोव्याच्या वेगळ्या कायद्यामुळे. ती परवानगी जालन्याच्या ओट्यावर चालत नाही. सार्वजनिक जागी पैसे लावून खेळणाऱ्याला कलम 12 प्रमाणे पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात.

मोबाइलपुरता तर हा वादच मिटला आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये मंजूर केला आणि 22 ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा फरकच तो करत नाही. अशी सेवा देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. छत्तीस पानांचा हिशेब शिकायचा असेल तर घरची गड्डी आणि मूठभर चिंचोके पुरतात. 'शॉर्ट डेकचं ॲप आहे, कौशल्याचा खेळ, पूर्ण कायदेशीर' असं सांगत कुणी लिंक पाठवली, तर ती उघडू नका आणि पुढेही पाठवू नका.