सड्यावरचा कवला: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पावसाळा सरत आला की साताऱ्याजवळच्या कास पठारावर पिवळ्याधमक फुलांचे पट्टे उमटतात. पाकळीवर दोन तांबडे ठिपके असलेल्या फुलाला पर्यटक ‘मिकी माऊस’ म्हणतात. हा कवला, म्हणजेच स्मिथिया. मूग, हरभऱ्याच्या कुळातलं हे रानफूल. याच स्मिथियाची ‘आघारकरी’ ही प्रजाती पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेही उगवत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचं नाव तिला दिलेलं आहे.

गैरसमज १: कवल्याची भाजी तर बाजारात मिळते, मग तो दुर्मीळ कसा?
वस्तुस्थिती: कोकणात पावसाळ्यात भाजीसाठी खुडतात ती स्मिथिया सेन्सिटिवा. ती ओलसर जागी सहज वाढते आणि भारताबाहेरही आढळते. आघारकरी ही वेगळी प्रजाती असून तिचा पसारा फार थोडा आहे.

गैरसमज २: ही फुलं सात वर्षांनी एकदाच येतात.
वस्तुस्थिती: ते वेळापत्रक कारवीचं. मिकी माऊस कवला एका पावसाळ्यात उगवतो, फुलतो, बी टाकतो आणि वाळून जातो. पुढच्या वर्षीची रोपं या वर्षीच्या शेंगांतूनच येतात.

गैरसमज ३: सडा म्हणजे पडीक जमीन.
वस्तुस्थिती: सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. त्यावर मातीचा थर पातळ असतो. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं, उन्हाळ्यात खडक भाजून निघतो. मोठ्या झाडांना तिथे मूळ धरणं अवघड जातं. मातीत नत्रही कमी. पण कवल्याच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र रोपाला मिळवून देतात. शेजारच्या ‘दवबिंदू’ आणि ‘सीतेची आसवं’ या वनस्पती हीच गरज कीटक आणि इतर बारीक जीव पकडून भागवतात. अशा समृद्धीमुळेच कास पठाराचा 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात, पश्चिम घाटाचा भाग म्हणून, समावेश झाला.

गैरसमज ४: उघड्या सड्यावर झाडं लावली की निसर्गाचं भलं होतं.
वस्तुस्थिती: कवल्याला लख्ख ऊन लागतं. झाडांसाठी खड्डे खणले, बाहेरची माती आणून टाकली की पाण्याची वाट बदलते, त्या मातीबरोबर तणही येतं आणि पुढे सावलीत फुलं मागे पडतात.

गैरसमज ५: चार फुलं तोडली तर काय बिघडतं?
वस्तुस्थिती: तोडलेल्या फुलाची शेंग होत नाही. त्याहून मोठं नुकसान पायांखाली होतं. फोटोसाठी फुलांत बसलं की रोपं चिरडतात, ओली माती दबते आणि पडलेलं बी रुजायला जागा उरत नाही.

कवल्याला खत, पाणी, कुंडी काही नको. त्याला त्याचा सडा जसा आहे तसा हवा. कासला जाल तेव्हा पायवाट सोडू नका. आणि आपल्या गावच्या सड्यावर खाणीचा किंवा वृक्षारोपणाचा ठराव ग्रामसभेत आला, तर आधी पावसाळ्यात तिथे काय फुलतं याची नोंद करायला सांगा.