कासला माणसं का मोजायची?

साताऱ्याजवळच्या कास पठारावर जांभ्या दगडावर मातीचा अगदी पातळ थर आहे. त्यातच तेरडा फुलतो, सीतेची आसवं डोलतात. फोटोसाठी एक जण वाट सोडून आत शिरला की मागच्यांना तीच पायवाट वाटते, आणि दबलेल्या मातीत पुढच्या वर्षी बी रुजणं अवघड होतं. म्हणूनच फुलांच्या हंगामात इथे दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा आणि ऑनलाइन बुकिंग आलं.

पण दिवसाचा आकडा पुरेसा नाही. तेवढीच माणसं दिवसभरात विखरून आली तर वेगळं, रविवारी अकराला एकदम लोटली तर वेगळं. मोजणी तासातासाची हवी. अशा मोजणीसाठी वाटेच्या कडेला खांबावर अवरक्त किरणांचं यंत्र लावतात. किरण अडला की एक माणूस. खांद्याला खांदा लावून चालणारी जोडी मात्र ते एकच धरतं, म्हणून अधूनमधून कुणीतरी वही घेऊन उभं राहायचं आणि यंत्राचा आकडा ताडून पाहायचा. हे कंटाळवाणं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. येणारे-जाणारे वेगळे मोजले की या घडीला आत किती जण आहेत ते कळतं, आणि पुढची गाडी वाहनतळावरच थोपवता येते.