बालगृहातील मुले आणि इंटरनेट : सुरक्षितता व संधी

१९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईला पोलाद कारखाना लाभला. २०१६ मध्ये आयआयटी भिलाईही सुरू झाली. आता आयआयटी असो, आयटीआय असो वा शिष्यवृत्ती, अर्ज बहुधा संगणकावरच भरावा लागतो. त्यामुळे इंटरनेटपासून दूर ठेवलेले मूल सुरक्षित होत नाही, मागे पडते. बालगृहातील मुलांना तर साधारणतः वयाच्या १८ व्या वर्षी संस्था सोडून स्वतःच्या पायांवर उभे राहावयाचे असते. 'स्वयम्' व 'दीक्षा' यांवरील विनामूल्य पाठ त्यांच्यासाठी मोठाच आधार ठरू शकतात.

धोकेही आहेतच. घरातील मूल एखादा विचित्र संदेश आईला किंवा ताईला दाखवते. संस्थेतील मुलाला मात्र मोबाइल काढून घेतला जाईल ही भीती असते आणि ते गप्प राहते. नेमके हेच मौन गोड बोलणाऱ्या अनोळखी व्यक्तीच्या पथ्यावर पडते. म्हणून तक्रार करणाऱ्या मुलाला शिक्षा होणार नाही, हा संस्थेचा पहिला नियम असावा. मदतीसाठी १०९८ आणि आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक संगणकाशेजारीच लावावेत.

बँकेशी संबंधित धोका वेगळा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १० वर्षांवरील मुलांना स्वतः बचत खाते चालविण्याची मुभा बँका देऊ शकतात. ही बचतीची उत्तम शाळाच होय. परंतु संस्थेबाहेर पडलेल्या, नोकरीच्या शोधातील तरुणाला "तुझे खाते थोडे दिवस वापरू दे, पैसे देतो" असे आमिष दाखविले जाते. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो आणि चौकशी प्रथम खातेदाराच्याच दारी येते. खाते, एटीएम कार्ड आणि ओटीपी कोणासही देऊ नये, हे संस्था सोडण्यापूर्वीच त्याच्या मनावर ठसले पाहिजे.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी अनेक जण वाढदिवस वा पुण्यतिथीला बालगृहात जेवण देतात आणि मुलांसह काढलेली छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकतात. हेतू निर्मळ असतो. पण त्या छायाचित्रावरून मुलाचा ठावठिकाणा कोणालाही कळू शकतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ अशा मुलांची ओळख उघड करण्यास मनाई करते. उल्लंघनासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. खातेदाराचा तपशील आपण जपतो, तितक्याच निष्ठेने या मुलांची ओळखही जपू या. पुढच्या भेटीत मिठाईबरोबर एक तास द्यावा आणि दहावीच्या मुलाला शिष्यवृत्तीचा अर्ज शेजारी बसून भरावयास शिकवावे.