सिंहलद्वीपातील धबधबे

माझे एक जुने विद्यार्थी सहकुटुंब सिंहलद्वीपास, म्हणजे आजच्या श्रीलंकेस, जावयास निघाले आहेत. निरोप घेताना त्यांनी विचारले, "गुरुजी, तिकडचे धबधबे पाहावयाचे तर कोणत्या महिन्यात जावे?" प्रश्न साधा खरा; पण त्याचे उत्तर एका शब्दात देऊ पाहणाऱ्याची कशी फजिती होते, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

२०१८ साली, नोकरीतून नुकताच मोकळा झालो असताना, मी त्या बेटावर गेलो होतो. जन्मभर मुलांना भूगोल शिकविलेला. आणि धबधबा म्हटला की श्रावण, हे समीकरण मनात पक्के बसलेले. तेव्हा मुद्दाम ऑगस्ट महिना निवडला. कोस्लंद गावाजवळ दियलुम नावाचा ७२२ फूट उंचीचा प्रपात आहे. तो पाहावयास मोठ्या उत्साहाने गेलो, तो काय! भल्या थोरल्या कड्यावरून चार पांढरे धागे ओघळत होते, आणि तेही अर्ध्या वाटेवरच वाऱ्याने विस्कटून जात होते. गाडीवान हसून म्हणाला, "साहेब, आपण डिसेंबरात यावयास हवे होते."

याचे कारण असे. बेटाच्या मध्यभागी डोंगरांचा मोठा गड्डा आहे. त्यातील पिदुरुतलागल हे शिखर ८,२८१ फूट उंच. मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्येकडून येणारे वारे आपले पाणी पश्चिमेच्या उतारावर रिते करतात आणि पूर्वेकडे कोरडे होऊन उतरतात. महाबळेश्वरी कोसळणारा पाऊस वाईस पोहोचेपर्यंत रोडावतो, तसाच हा प्रकार. भेद एवढाच की, आपल्या वाईची पाळी पुढे कधी येत नाही, पण तिकडच्या पूर्व उताराची येते. डिसेंबर ते फेब्रुवारीत ईशान्येचे वारे बंगालच्या उपसागरावरून पाणी आणतात आणि बदुल्ल, कोस्लंद या बाजूचे ओहोळ भरून वाहू लागतात. मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन्ही अंगांस पाऊस असतो.

त्याच आठवड्यात मी बदुल्लहून आगगाडीने पश्चिमेस आलो. ओहिया आणि पट्टीपोळ या स्थानकांच्या मध्ये, सुमारे सहा हजार दोनशे फुटांवर, एक बोगदा आहे. आम्ही त्यात शिरलो तेव्हा बाहेर लख्ख ऊन होते. बाहेर पडलो तो खिडक्या ओढून घ्याव्या लागल्या! वर्गात तीस वर्षे फळ्यावर बाण काढून जे शिकविले, ते गाडीने मिनिटाभरात दाखविले. पुढे तलवाकेले गावाजवळ डेव्हन नावाचा ३१८ फुटांचा धबधबा अगदी तुडुंब भरलेला पाहिला.

आता दुसरी गोष्ट. हे बेट महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडेसेच मोठे. एवढ्याशा भूमीत इतके उंच धबधबे कोठून आले? १९२९ साली ॲडम्स या कॅनडातील भूशास्त्रज्ञाने असे दाखविले की, या बेटाची घडण तीन पायऱ्यांची आहे. सर्वांत खाली समुद्रकाठची सपाटी, तिच्यावर दीड हजार फुटांच्या सुमारास दुसरी पायरी आणि पाच-सहा हजार फुटांवर तिसरी. पुढे आपल्या देशाचे थोर भूशास्त्रज्ञ दाराशा नौशेरवान वाडिया तेथे सरकारी नोकरीत होते. त्यांच्या मते भूमीचे ठोकळेच्या ठोकळे वर उचलले जाऊन या पायऱ्या झाल्या. कारणाविषयी पंडितांत मतभेद झाले, परंतु पायऱ्या डोळ्यांना दिसतात. वरच्या पायरीवर नदी संथ वाहते. कडेशी आली की तिला उडी घेण्यावाचून गत्यंतर नसते. बेटातील सर्वांत उंच प्रपात बंबरकंद हा ८६३ फूट. तोही मध्यगिरीच्या अशाच दक्षिण कडेवर आहे.

सिंहली भाषेत 'एल्ल' म्हणजे धबधबा आणि 'ओया' म्हणजे ओढा. आपल्या 'ओहोळा'ची आठवण व्हावी असाच हा शब्द! एल्ल नावाचे एक गावही आहे. त्याच्याजवळच्या धबधब्यास रावणाचे नाव असून, रावणाने सीतामाईस शेजारच्या गुहेत लपवून ठेविले होते, अशी तिकडे आख्यायिका आहे. हा धबधबा फारसा उंच नाही, पण सडकेला अगदी लागून असल्यामुळे गर्दी याच्याच वाट्यास येते. तेथील खडक शेवाळाने निसरडे असतात; मुलांचा हात सोडू नये.

परंतु ज्या पायरीने धबधबा दिला, तिच्यावर इंजिनिअराचीही दृष्टी असते. पाणी उंचावरून पडते तेथे वीज काढता येते. विमलसुरेंद्र नावाच्या सिंहली इंजिनिअराने १९१८ सालीच हा विचार मांडला होता. लक्षपान येथील वीजगृह सुरू व्हावयास १९५० साल उजाडले. स्वतः मी रॉकेलच्या दिव्याखाली मॅट्रिकचा अभ्यास केला आहे, तेव्हा विजेस नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. तरीही तलवाकेलेजवळच्या सेंट क्लेअर या रुंद, देखण्या प्रपाताची हकिकत ऐकून मन खट्टू झाले. त्याच्या वरच्या अंगास बंधारा घालून २०१२ साली १५० मेगावॉटचे वीजगृह सुरू झाले, आणि ओढ्याचे बरेचसे पाणी बोगद्यातून वळविण्यात आले. या योजनेस पुष्कळ विरोध झाला होता. अखेर, दिवसा ठराविक काळ धबधब्यासाठी पाणी सोडावयाचे, अशी तडजोड ठरली.

मी गेलो तेव्हा दुपार होती. पाणी पडत होते आणि ते सुंदरही दिसत होते. समोरच्या दुकानात चहा घेता घेता मी दुकानदारास विचारले, "पूर्वी असाच पडत असे काय?" त्याने नुसते दोन्ही हात पसरून रुंदी दाखविली, आणि कपबशी उचलून आत गेला.

माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगितले आहे, जानेवारीत जा, आणि आधी बदुल्लच्या बाजूस उतरा. दियलुम त्यांनी माझ्या वतीनेही पाहून घ्यावा.