कलमाचा सांधा

हापूसच्या कलमांवर लेख हवा म्हणून संपादकांनी मला ऐन जुलैत रत्नागिरीला पाठवलं. शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेत, जाळीच्या मांडवाखाली एक मावशी कलमं बांधत बसल्या होत्या. उजवीकडे ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या हापूसच्या काड्या, डावीकडे रायवळच्या बाठ्यांतून नुकती उगवलेली तांबूस पानांची रोपं. त्यांनी एका रोपाचा शेंडा उडवला, उरलेल्या खुंटाला मधोमध चीर दिली, काडीचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखं केलं, चिरेत बसवलं आणि वरून प्लास्टिकची पट्टी आवळून बांधली. काडीवर एक चिंचोळी पिशवी टोपीसारखी चढवली.

"आता हात लावायचा नाही. पुढचं त्यांचं ते करतात," मावशी म्हणाल्या.

त्या पट्टीच्या आत नेमकं काय चालतं, याच प्रश्नाने मला तिथे तीन दिवस थांबवलं.

इतिहास थोडक्यात सांगता येतो. आंब्याची कलमं बांधायची रीत पोर्तुगीजांनी गोव्यात रुजवली. हापूस हे नाव अफोन्सो द अल्बुकर्क याच्यावरून आलं, असं मानतात. कोकणात बरीच वर्षं भेटकलमं होत; रोपच उचलून मोठ्या झाडाच्या फांदीशी नेऊन बांधायचं. १९७२ साली दापोलीत कृषी विद्यापीठ आलं आणि त्याच्या प्रसारातून, मावशी बांधतात तसं कोयकलम रुळलं. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. पण कुठल्याही काळातलं कलम घ्या, ते जगणार की वाळणार याचा निकाल सांध्यात लागतो.

मावशींनी महिन्याभरापूर्वीचं, वाहतुकीत मोडलेलं एक कलम माझ्यासाठी उभं चिरलं. खुंट आणि काडी यांच्या मध्ये फिकट, दाणेदार असा एक पातळ थर होता. या पेशी महिन्यापूर्वी नव्हत्याच. घाव बसला नसता तर त्या जन्मालाही आल्या नसत्या.

झाडातल्या बहुतेक पेशी विभागणी थांबवून बसलेल्या असतात. ही त्यांची सुस्ती नाही, त्यांना कुलूप लावलेलं असतं. घाव झाला की ते उघडायची तयारी सुरू होते. काडीच्या डोळ्यांकडून ऑक्झिन हे संप्रेरक खाली उतरतं, मुळांकडून सायटोकायनिन हे दुसरं संप्रेरक वर चढतं. दोन्ही निरोप पोचले की सायक्लिन नावाचं प्रथिन साठू लागतं, आपल्या जोडीदार विकराला बिलगतं आणि मगच ते विकर कामाला लागतं. मग पेशी आपल्या ४० गुणसूत्रांची नक्कल करते. नक्कल पुरी झाली का, कुठे डीएनए तुटला आहे का, हे तपासल्यावाचून ती पुढे जात नाही. शेवटी एकूण एक गुणसूत्र तर्कूच्या धाग्यांना नीट जोडलं गेलं की नाही ते बघते. एक जरी सुटं राहिलं, तरी बाकीची सगळी थांबून राहतात. काम उरकलं की पेशी त्या वेळचं सायक्लिन मोडून टाकते. तीच उघडझाप परत करायला नवं सायक्लिन घडवावं लागतं.

सायक्लिनचं हे साठणं-मोडणं १९८२ साली टिम हंट यांनी समुद्री अर्चिनच्या अंड्यांत पाहिलं. लेलँड हार्टवेल पावाच्या यीस्टवर आणि पॉल नर्स दुसऱ्या एका यीस्टवर याच कुलपाचे भाग शोधत होते. २००१ चं नोबेल तिघांना मिळून मिळालं. नर्स यांच्या प्रयोगशाळेत माणसाच्या जनुकाने यीस्टमधल्या बिघडलेल्या जनुकाचं काम करून दाखवलं. पुढे वनस्पतीच्या जनुकानेही तेच केलं. रत्नागिरीच्या आंब्यात, यीस्टमध्ये आणि आपल्या बोटांच्या कातडीत मूळ कळ एकच आहे.

मला सर्वांत जास्त थक्क केलं ते या पेशींच्या थांबण्याने. त्या दाणेदार थरातल्या पेशी अशाच वाढत राहिल्या असत्या तर तिथे नुसती गाठ झाली असती. त्या वेळेवर थांबतात. काही नव्या सालीच्या आतला जिवंत पदर होतात, काही पाण्याची नळी होतात. आणि अशी नळी होताना पेशीला मरावं लागतं. दोन झाडांना जोडणारं पाणी त्या मेलेल्या पेशींतूनच वर चढतं.

मावशींना यातली नावं ठाऊक नाहीत, वेळा मात्र सगळ्या ठाऊक आहेत. काडी कापण्याआधी आठ-दहा दिवस तिची पानं देठ ठेवून छाटायची, म्हणजे डोळे फुगतात. काडी आणि खुंट सारख्या जाडीचे घ्यायचे, नाहीतर निदान एका बाजूची साल तरी सालीला भिडवायची. खुंटाची पानं हिरवी झाली की उशीर झाला.

काळजी आहे ती सांध्याच्या पुढची. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडात जुनी हापूसची झाडं मुळासकट आडवी केली. नवं कलम फळाला यायला चार-पाच वर्षं लागतात, बाग भरायला त्याहून कितीतरी जास्त. बागायतदाराला एवढी वाट परवडत नाही, म्हणून तो कल्टार नावाच्या औषधाकडे वळतो. त्यातलं पॅक्लोब्युट्राझॉल झाडात जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक बनणं अडवतं. जिबरेलिन कमी झालं की विभागणीचे ब्रेक आवळले जातात, पालवी रोखली जाते आणि झाड मोहोराकडे वळतं. विद्यापीठाची शिफारस मोजकी आहे: जुलै-ऑगस्टमध्ये, झाडाच्या विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला ३ मिली. पण दरवर्षी, अंदाजाने, शेणखताशिवाय ओतत गेलं की औषध मातीत साठतं आणि फांद्या आखूड, गुच्छासारख्या होऊ लागतात. मावशींनी मला अशी एक बाग लांबून दाखवली. उभी झाडं, पण नवी फूट मुठीएवढी.

पेशीने ब्रेक स्वतःसाठी ठेवला आहे. आपण तो दाबून धरला, तर कधी सोडायचा हेही आपल्यालाच ठरवावं लागेल. आणि ते ठरवायला झाडाकडे रोज बघणारी माणसं लागतात. मावशींच्या हाताखाली शिकायला यंदा कोणी नाही.

निघताना त्या जुन्या कलमांच्या रांगेवर वाकल्या. एका सांध्याखाली, रायवळ खुंटातून कोवळा तांबूस फुटवा निघाला होता. "हा ठेवला तर वरचा हापूस उपाशी मरेल," त्या म्हणाल्या, आणि नखाने तो खुडला.